पूर्ण मात्रा

“आत पाऊल टाकायचं नाही, ताई! बाबांना तू संपवलंस, आता आईच्या वाटेला जाऊ नकोस! तुझा हात या घरात कशालाही लागता कामा नये!”

धाकटा दारात दोन्ही हात पसरून उभा होता. लहानपणी काही फोडून-सांडून ठेवलं, की तो असाच दार अडवून उभा राहायचा, आणि ताईला तेव्हाही तो मोठा शूर वगैरे कधी वाटला नव्हता. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते, पोट थोडं सुटलं होतं, पण ओठ थरथरायची तऱ्हा तीच होती. त्याच्या खांद्यावरून आतल्या खोलीतला आवाज येत होता... छोटा, अपुरा, घाईघाईचा श्वास, बुडता बुडता पाण्याबाहेर आलेल्या माणसाचा असतो तसा. नर्स म्हणून ताईने तो आवाज शेकडो घरांत ऐकला होता. या घरात मात्र तिने तो एकदाच ऐकला होता, आणि तोही विसरण्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं!

ती ओरडली नाही, रडली नाही. पायरीवर उभ्या उभ्याच तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

“नर्स आत आहे, ती तिचं काम करतेय. मी आईची मुलगी म्हणून आलेय. आता बाजूला हो, दारातून येणारा वारा तिला हवाय आणि तू तो अडवून उभा आहेस.”

धाकटा बाजूला झाला. काही भाऊ कितीही मोठे झाले तरी मोठ्या बहिणीच्या एका विशिष्ट आवाजापुढे त्यांचे पाय आपोआप हलतात, त्याला काही इलाज नाही.

ताई शहरातल्या त्या संस्थेत परिचारिका होती जी बऱ्या न होणाऱ्या माणसांची काळजी घेते. ज्यांना इस्पितळं “आता घरी न्या” म्हणतात, त्यांच्या घरी तिची माणसं जातात. तिथे डॉक्टर रोज येत नाहीत, पण एक व्यवस्था असते. रुग्णाला पहिल्यांदा तपासलं, की डॉक्टर कागदावर आधीच लिहून सही करून ठेवतात: दम वाढला तर हे औषध एवढं, कळ आली तर ते तेवढं, घशात घरघर सुरू झाली तर तिसरं. त्याला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात. वेळ आली की नर्सने माणसाकडे नीट बघायचं, लक्षण पारखायचं आणि औषध द्यायचं. फोन लावत, कुणाची परवानगी मागत बसायचं नाही, कारण तेवढ्यात एखादा जीव तळमळत असतो! नव्याने आलेल्या मुलींना ताई पहिल्याच दिवशी बजावत असे, “डॉक्टरांनी सही केलीय म्हणून आपलं डोकं घरी ठेवून यायचं नाही. सही त्यांची, पण डोळे आपले.” मुली मागून तिची नक्कल करायच्या, हे तिला ठाऊक होतं. नक्कल चांगली जमायची, हेही.

अशा बाईवर तिच्याच घरात आळ होता, की तिने औषध जास्त देऊन सख्ख्या बापाला मारलं.

नऊ वर्षांपूर्वी बाबा ताईच्याच संस्थेच्या देखरेखीखाली याच खोलीत, याच पलंगावर होते. औषध वेळच्या वेळी द्यायचं काम आईने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. ताई एका दुपारी कामावरून परस्पर आली, तेव्हा बाबा उशीला टेकून धापा टाकत होते, नखं निळसर पडली होती. कागदावर डॉक्टरांची सही होती, लक्षण समोर होतं. तिने पूर्ण मात्रा मोजली, दिली. बाबांचा श्वास हळूहळू खाली उतरला, कपाळावरच्या आठ्या गेल्या, ते झोपले... आणि संध्याकाळ व्हायच्या आत, झोपेतच, शांतपणे गेले.

“तू काय दिलंस त्यांना?” आईने विचारलं होतं. एवढंच! पण ते अशा आवाजात, की जमलेल्या माणसांच्या माना वळल्या. धाकट्याने त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच तयार केलं आणि सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. आईने त्याला थोपवलं नाही. त्या दिवसापासून या घराचं दार ताईला बंद झालं. आणि तिनेही कुणाला काही समजावलं नाही. का समजावलं नाही, ते फक्त तिला माहीत होतं.

त्यानंतर संस्थेत तिने स्वतः मागणी करून एक नियम करून घेतला: आपल्या रक्ताच्या माणसाचं औषध नर्सने ठरवायचं नाही आणि मोजायचं नाही, ते दुसरीने करायचं. पुन्हा कुणा लेकीवर ही पाळी येऊ नये, म्हणून! आज तोच नियम तिच्यासमोर आडवा उभा होता.

आतल्या खोलीत खिडकी सताड उघडी होती. टेबलफॅनचा झोत थेट आईच्या चेहऱ्यावर सोडलेला होता, पाठीमागे उशा रचून तिला बसतं केलेलं होतं. सगळं अगदी जसं असायला हवं तसं. पलंगाजवळ उभी असलेली थोराड नर्स ही ताईची सहकारी. तिच्या दणदणीत आवाजामुळे सगळे तिला मेजर म्हणत, आणि आज मेजरचा आवाज चक्क हळू झालेला होता.

“अगं, सकाळपासून विनवतेय. नुसती मान हलवतात. ऑर्डर आहे, औषध आहे, मी आहे... पण त्या नाही म्हणतायत. आणि ऑर्डर माझ्यासाठी आहे गं, त्यांच्यासाठी थोडीच आहे? जाग्या माणसाचं तोंड बळंच उघडून मी औषध घालणार नाही. म्हणून तुला फोन केला.”

“योग्य केलंस,” ताई म्हणाली.

“घेणारच नाही ती!” धाकटा मागून उसळला. “का घेईल? बाबांना हेच औषध दिल्यावर काय झालं, ते तिने डोळ्यांनी पाहिलंय! तुझ्यामुळे घाबरलीय ती, तुझ्यामुळे!”

आईने डोळे उघडले. किती वर्षांनी लेक समोर दिसत होती! तिच्या त्या थकल्या, आत गेलेल्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण ती भीती नव्हती. ताईने माणसांच्या डोळ्यांतली भीती पुष्कळ पाहिली होती, तिला फरक कळत होता. ही लाज होती.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. आईचा हात थंड आणि ओलसर होता. तो तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“आई, बोलायला त्रास होतोय, कळतंय मला. मी विचारते, तू फक्त मान हलव. औषधाची भीती वाटते?”

मान हलली. नाही.

“मग माझा राग आहे?”

आईच्या डोळ्यांतून पाणी घळघळलं. पुन्हा नाही.

“मग का छळतेस स्वतःला?”

मग एकेक शब्द, मध्ये श्वासाची झटापट करत, आई बोलू लागली.

“त्यांना... मी... अर्धंच... देत होते गं...”

दारात धाकट्याने चौकट धरली.

“पूर्ण दिलं की... झोपायचे. मग घर... मुकं. मला वाटायचं... थोडं कमी दिलं तर... जागे राहतील... माझ्याशी बोलतील... चार शब्द...” तिचा श्वास तुटला, मेजर पुढे झाली, पण आईनेच हाताने तिला थांबवलं. “बोलले नाहीत. नुसते... धापा टाकत... बघायचे माझ्याकडे. तरी मी... अर्धंच. आता कळतंय... अर्ध्यात काय... होतं ते! त्यांनी सोसलं... आता मी सोसणार. मला पूर्ण... कसं चालेल?”

हाय रे दैवा! एवढ्या वर्षांचा तो रुसवा, ते बंद दार, तो आळ, आणि मुळाशी काय, तर नवऱ्याने दोन शब्द बोलावेत म्हणून आसुसलेल्या एका बायकोचं वेडं प्रेम!

धाकट्याला वाटलं, आता ताई उठेल, आता सगळा हिशेब मांडेल. तिचा तो हक्कच होता. पण ताईने पदराने आईचा घाम टिपला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

“मला माहीत आहे, आई.”

आईचे डोळे विस्फारले.

“त्याच दुपारी कळलं. औषधाची बाटली उचलली, तर ती जड लागली. तोवर ती तळाला जायला हवी होती. इतकी वर्षं हेच काम करतेय, बाटलीचं वजन मला हाताला कळतं.”

“मग... बोलली... का नाहीस?”

“कुणाला सांगणार होते? बाबा नुकतेच गेले होते. तुला या घरात, या पलंगाशेजारी एकटीने राहायचं होतं. त्यात हे ओझं तुझ्या डोक्यावर कशी ठेवणार मी? माझ्यावर राग धरून तू निदान जेवत होतीस, उठत-बसत होतीस. म्हटलं, राहू दे राग.”

तेव्हा मेजरला राहवलं नाही. तिचा मूळ आवाज परत आला.

“आणि उरलेली बाटली संस्थेत परत आली तेव्हा हिला जाब विचारला होता, काकू! एवढं औषध उरलं कसं? तर ही म्हणाली, घरच्यांना मात्रा समजावून सांगण्यात माझीच चूक झाली. वरच्या पदाची बढती मिळायची होती हिला, ती हिच्या नंतर लागलेल्या पोरीला गेली! घरात जास्त दिल्याचा आळ आणि कामावर कमी दिल्याचा ठपका, दोन्ही एकदम घेऊन फिरणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नाही. आम्हाला वाटायचं हिचं खरंच चुकलं असेल. आज कळतंय मला!”

“मेजर, पुरे,” ताई म्हणाली.

“पुरे तर पुरे. पण सांगितलं ते बरं झालं.”

दारातून एक विचित्र आवाज आला. धाकटा चौकटीला डोकं टेकवून लहान पोरासारखा हुंदके देत होता. “ताई... मी सगळ्यांसमोर... तुला काय काय बोललो मी! तू एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायची होतीस गं!”

“नंतर मारते. आधी हे काम होऊ दे.”

ती आईकडे वळली. आता तिच्या आवाजात तो ठामपणा होता, ज्याच्या जोरावर तिने कितीतरी घरांतली वादळं शांत केली होती.

“आई, नीट ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. अर्ध्या औषधाने बाबांना त्रास झाला, हे खरं आहे. पण ते औषधाने गेले नाहीत, अर्ध्यानेही नाही आणि पूर्ण मात्रेनेही नाही. ते आजाराने गेले. आणि जाताना ते शांत झोपले होते आणि त्यांचा हात तुझ्या हातात होता, आठवतंय? आता राहिलं तुझं. तू तळमळून त्यांचा एकही श्वास मोकळा होणार नाही. शिक्षा देणारं औषध आमच्याकडे नाही. आमच्याकडे फक्त दम उतरवायचं औषध आहे. घ्यायचं की नाही ते तूच ठरवायचंस, पण प्रायश्चित्त म्हणून नको म्हणू नकोस. तुला हवंय का?”

आईने लेकीच्या हातावरची पकड घट्ट केली.

“तू... दे. तुझ्या... हाताने.”

ताईने मेजरकडे पाहिलं. नियम दोघींनाही तोंडपाठ होता, एकीने तर तो करूनच घेतला होता! मेजरने आईचा श्वास पुन्हा एकदा डोळ्यांनी मोजला, नाडी पाहिली, ऑर्डरवरची ओळ बोट ठेवून वाचली, बाटली उजेडात धरली आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये औषध ओढलं. रेषेवर अगदी काटेकोर! आणि मग ती सिरिंज तिने ताईच्या तळहातावर ठेवली.

“ठरवलं मी, मोजलं मी, सही माझी. तोंडात औषध घालायला घरातलं कुणीही चालतं, ते आपण सगळ्यांनाच शिकवतो. तू नर्स नाहीस आत्ता. तू घरातली आहेस.”

घरातली! त्या एका शब्दाने, इतका वेळ ताठ राहिलेल्या ताईचा बांध फुटला. डोळे भरून आले, समोरची रेषा पुसट झाली. तरी तिने सिरिंजचं टोक आईच्या गालाच्या आत टेकवलं आणि हळूहळू, थेंब थेंब, औषध सोडलं.

“पूर्ण... आहे ना?” आईने विचारलं.

“पूर्ण आहे, आई.”

मग वाट पाहणं आलं. मेजरने पंखा थोडा जवळ ओढला. धाकटा दारातच रेंगाळत होता, आत यायचं धाडस त्याला होत नव्हतं. हळूहळू आईचे वर चढलेले खांदे खाली आले. मानेच्या ताणलेल्या शिरा सैल पडल्या. श्वास अजून छोटाच होता, पण त्यातली ती भयंकर घाई गेली. ती झोपेल, असं धाकट्याला वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत ती जुनी भीती पुन्हा दाटून आली होती.

आईने डोळे उघडले आणि स्वच्छ, हळू आवाजात म्हणाली,

“अरे, दारात उभा राहून रडू नकोस. वारा अडतो. रडायचं तर आत ये आणि रड.”

मेजर एवढ्याने हसली की खिडकीवरचं पाखरू उडालं! धाकटा रडता रडता हसला आणि ताईच्या पायाशी येऊन बसला. आई बोलतच राहिली. चहा हवाय म्हणाली, आणि तो मेजरने करू नये, तिचा हात साखरेला सैल दिसतो, असंही म्हणाली. धाकट्याचं पोट सुटलंय म्हणाली. ताईच्या केसांत पांढरं आलंय, तिने ते नीट विंचरावेत, असं म्हणाली. सकाळपासून ज्या बाईला सलग चार शब्द बोलवत नव्हते, ती आता वाक्यांमागून वाक्यं बोलत होती.

आणि मग ती अचानक थांबली. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“ताई... म्हणजे... पूर्ण दिलं असतं, तर तेही बोलले असते गं?”

मेजरचं हसू जागीच विरलं. धाकट्याने ताईचा हात घट्ट धरला. खोटं बोलायचं नाही, असं ताईने थोड्याच वेळापूर्वी सांगितलं होतं, आणि या प्रश्नाला खऱ्या उत्तराहून क्रूर काय असणार होतं!

“बोलले असते, आई. सुरुवातीची गुंगी दोन-चार दिवसांत ओसरते,” ती म्हणाली. “आणि बोलले होते.”

“कधी?”

“त्याच दुपारी. मी औषध दिल्यावर तू त्यांच्यासाठी पाणी कोमट करायला आत गेलीस. त्यांचा श्वास उतरला, आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, ‘तुझी आई मला अर्धंच देते. तिला बोलू नकोस, कुणालाही सांगू नकोस. तिला मी जागा हवा आहे, दुसरं काही नाही.’ मग थोडं हसले आणि म्हणाले, ‘एवढा हवासा मी तिला आधी कधी वाटलो नव्हतो.’ तू पाणी घेऊन आलीस तेव्हा त्यांचा डोळा लागला होता.”

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“माहीत होतं त्यांना... सगळं माहीत होतं!”

“त्यांना तुझं काय माहीत नव्हतं, आई? मी त्यांना शब्द दिला होता, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. आज मोडला. त्यांना चालेल असं वाटतंय मला.”

आई रडली, खूप रडली, पण त्या रडण्यात श्वास अडकत नव्हता. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले, ताईचा चेहरा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नुसतं म्हणाली, “ये.” एवढंच म्हणाली. पण हेच ऐकायला ताई नऊ वर्षं तहानलेली होती! तिने आईच्या कुशीत डोकं ठेवलं, आणि कितीतरी घरांना सावरणारी ती बाई त्या अरुंद पलंगाच्या कडेला अंग मुडपून लहान झाली.

दिवस कलला तसं नेहमीच्या वेळेचं औषध द्यायची वेळ झाली. मेजर दुसऱ्या घरी गेली होती. जाण्याआधी तिने धाकट्याला बसवून सगळं शिकवलं होतं: बाटली कशी धरायची, औषध कुठल्या रेषेपर्यंत ओढायचं, दम एकदम वाढला तर आधी कुणाला हाक मारायची. धाकटा विद्यार्थ्यासारखा मान डोलावत होता. आता बाटली त्याच्या हातात होती.

ताई त्याच्या शेजारी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. नियम म्हणजे नियम.

“चांगली पूर्ण भर रे,” पलंगावरून आई म्हणाली. “काटकसर तुझ्या बायकोला शिकव, मला नको.”

त्याने सिरिंज खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे वळवली, डोळे बारीक केले आणि मग ती बहिणीच्या डोळ्यांसमोर धरली. नऊ वर्षांत त्याने तिला एकही गोष्ट विचारली नव्हती.

“ताई, बघ ना... बरोबर आहे का?”

ताईने वाकून रेषा नीट पाहिली.

“बरोबर आहे. दे.”